वणवा, कुंपण आणि कायदा : अमेरिकेच्या वनरक्षणाची शंभर वर्षे

१/
२० ऑगस्ट १९१०. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील वॉलेस या खाणगावाच्या दक्षिणेला, डोंगरात, एड पुलास्की नावाचा रेंजर चाळीसहून अधिक मजुरांना घेऊन धुरातून वाट काढत होता. वणव्याने परतीचा मार्ग बंद केला होता. पुलास्कीला त्या डोंगराची खडान्‌खडा माहिती होती. त्याने सर्वांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले, तोंडाशी ओल्या ब्लँकेट लावल्या आणि घाबरून बाहेर पळू पाहणाऱ्यांवर पिस्तूल रोखले. पहाट झाली तेव्हा बोगद्यात पाच जण गुदमरून मेले होते. बाकीचे वाचले.

२/
त्या दोन दिवसांत आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांतील सुमारे ३० लाख एकर वन जळाले. हे क्षेत्र आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षाही मोठे भरते. किमान ८५ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आग विझवण्यासाठी नेमलेले मजूर होते. वॉलेस गावाचा जवळपास एक तृतीयांश भाग खाक झाला. अमेरिकेच्या इतिहासात ही आपत्ती ‘बिग बर्न’ म्हणून नोंदली गेली. या आगीने एक प्रश्न उघड्यावर आणला : वणवा अनेकांच्या जमिनीवरून धावत असेल, तर त्याला अडवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

३/
या प्रश्नाचे मूळ आगीच्या अर्धशतक आधीच्या एका कायद्यात सापडते. १८६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘नॉर्दर्न पॅसिफिक’ या रेल्वे कंपनीला लोहमार्ग बांधण्याच्या बदल्यात जमीन दिली. मात्र सलग पट्टा दिला नाही. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना एक-एक चौरस मैलाचे तुकडे आखले गेले आणि त्यांतला एक आड एक तुकडा कंपनीला मिळाला. उरलेले तुकडे सरकारकडे राहिले. नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरे उमटली. पुढे कंपनीची कित्येक घरे लाकूड व्यापाऱ्यांच्या हाती गेली, तर सरकारी घरांतून राष्ट्रीय वने निर्माण झाली.

४/
पटावरची ही घरे महसुली कागदांवर स्पष्ट होती. जंगलात त्यांचा मागमूस नव्हता. लाकूड व्यापारी खोड घेऊन जात आणि फांद्या, शेंडे, साल तिथेच टाकून देत. उन्हाळ्यात हा कचरा वाळून कोळ होई. रेल्वे इंजिनाची एक ठिणगी पडली की तो पेट घेई. अशा वेळी एखाद्या मालकाने स्वतःचे घर झाडून-पुसून लख्ख ठेवले, तरी शेजारच्या घरातून येणाऱ्या ज्वाळांपुढे त्याचे काही चालत नसे. उलट, काहीच न करणाऱ्या मालकाला शेजाऱ्याच्या खर्चाचा लाभ फुकट मिळे. परिणामी खर्च करण्याची इच्छा कोणालाच उरत नसे.

५/
या कोंडीतून पहिली वाट शोधली ती खासगी मालकांनीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आयडाहो आणि वॉशिंग्टनमधील लाकूड कंपन्यांनी संरक्षक संघ स्थापन केले. प्रत्येक सभासद आपल्या एकरांच्या प्रमाणात वर्गणी देई आणि त्यातून सामाईक गस्त घातली जाई. १९०९ मध्ये अशा संघांची ‘वेस्टर्न फॉरेस्ट्री अँड कॉन्झर्व्हेशन असोसिएशन’ ही शिखर संस्था उभी राहिली. वर्षानुवर्षे बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या आगीपुरत्या एकत्र आल्या होत्या. तथापि वर्गणी नाकारणाऱ्या मालकावर सक्ती करण्याचा अधिकार या संघांना नव्हता.

६/
सरकारी बाजूही दुबळीच होती. संघराज्याची वनसेवा, म्हणजे ‘फॉरेस्ट सर्व्हिस’, १९०५ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचॉट यांना राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी जानेवारी १९१० मध्ये, बिग बर्नच्या सात महिने आधी, पदावरून दूर केले होते. काँग्रेसमधील अनेक सदस्यांना वनांवरचा खर्च म्हणजे उधळपट्टी वाटे. एक सवलत मात्र १९०८ मध्येच मिळाली होती : आग लागलीच, तर ती विझवण्यासाठी वनसेवेने मंजूर रकमेपेक्षा अधिक खर्च करावा, भरपाई काँग्रेस नंतर करील. आग लागू नये म्हणून करायच्या खर्चाला अशी मुभा नव्हती. हा भेद पुढे फार महागात पडणार होता.

७/
बिग बर्ननंतर जनमत बदलले, पण संविधानाचा अडसर कायम होता. अमेरिकेत खासगी जमिनीवरील आगीचा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. संघराज्य सरकारला एखाद्या राज्यात जाऊन खासगी मालकाला जाळरेषा काढण्याचा हुकूम देता येत नव्हता. मग कायदेतज्ज्ञांनी नदीचा आधार घेतला. राज्याराज्यांतील व्यापार हा संघराज्याचा विषय. जलवाहतुकीच्या नद्या या व्यापाराचे मार्ग. आणि नदीचा प्रवाह तिच्या उगमाकडील वनांवर अवलंबून. वन जळाले की डोंगराची माती वाहते, पात्र गाळाने भरते आणि नौका अडतात. अशा रीतीने आगीचा कायदा पाण्याच्या वाटेने संसदेत आला.

८/
१ मार्च १९११ रोजी टाफ्ट यांनी ‘वीक्स कायद्या’वर स्वाक्षरी केली. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी जॉन वीक्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. पूर्वेकडील राज्यांत खासगी जमीन विकत घेऊन राष्ट्रीय वने उभारण्याची तरतूद म्हणून त्याची कीर्ती झाली आणि पुढे या मार्गाने सुमारे २ कोटी एकर भूमी सार्वजनिक मालकीत आली. परंतु वणव्याच्या इतिहासात त्याची दुसरी दोन कलमे अधिक मोलाची आहेत.

९/
पहिल्या कलमाने राज्यांना वने आणि पाणी यांच्या रक्षणासाठी आपापसांत करार करण्याची संमती आधीच देऊन टाकली. दुसऱ्या कलमाने राज्यांच्या अग्निसंरक्षणासाठी २ लाख डॉलर राखून ठेवले, मात्र दोन अटींवर. राज्याने स्वतःचा कायदा करून संरक्षणाची यंत्रणा उभी केलेली असावी. आणि राज्य जेवढा खर्च करील त्याहून अधिक रक्कम संघराज्य देणार नाही. या कलमात हुकूम नव्हता, दंडही नव्हता. ‘तुम्ही एक डॉलर काढा, आम्ही एक काढतो’ एवढेच होते. जी गोष्ट अधिकाराने करता येत नव्हती, ती सामाईक थैलीने साधली.

१०/
सक्तीचा प्रश्न राज्यांनी आपल्या पातळीवर सोडवला. ऑरेगनने १९१३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार प्रत्येक वनमालकाने आगीच्या हंगामात आपल्या जमिनीवर गस्तीची व्यवस्था करणे बंधनकारक ठरले. ज्याने ती केली नाही, त्याच्या जमिनीवर राज्य गस्त घालील आणि खर्च त्याच्याकडून वसूल करील. फुकट लाभ घेणाऱ्या शेजाऱ्याची वाट अशा रीतीने बंद झाली. मालकी अबाधित राहिली. तिच्याबरोबर येणारे कर्तव्य मात्र प्रथमच कागदावर आले.

११/
पहिल्या महायुद्धानंतर एक मोठा वाद पेटला. पिंचॉट यांचे म्हणणे होते की लाकूड कंपन्यांवर विश्वास ठेवणे व्यर्थ आहे. खासगी वनांतील तोडीवरही संघराज्याने थेट नियंत्रण ठेवावे. वनसेवेचे तत्कालीन प्रमुख विल्यम ग्रीली यांना हे मान्य नव्हते. मालक झाडे तोडून जमीन उजाड टाकतो, कारण उभे वन कधी जळेल याचा नेम नाही आणि त्यावरचा कर मात्र दरवर्षी भरावा लागतो. आगीचे भय आधी दूर करा, मग मालक वन राखील, असा ग्रीली यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या आग्रहामागे एक आठवण होती : १९१० मध्ये बिग बर्नच्या प्रदेशाचे विभागप्रमुख म्हणून मिसुला येथील कार्यालयात तेच बसले होते.

१२/
ग्रीली यांची बाजू वरचढ ठरली. ७ जून १९२४ रोजी ‘क्लार्क-मॅकनॅरी कायदा’ अस्तित्वात आला. आता जलवाहतुकीच्या नद्यांची अट उरली नाही. लाकूड देणाऱ्या अन्य वनभूमीलाही संरक्षणाचा हात मिळाला. वार्षिक मर्यादा २५ लाख डॉलरपर्यंत वाढली. आणि हिशेबात एक चतुर बदल झाला : राज्याच्या कायद्याने बंधनकारक केलेला खासगी मालकांचा खर्चही राज्याचा वाटा म्हणून मोजला जाऊ लागला. संघराज्य, राज्य आणि खासगी मालक हे तिघे एकाच खातेवहीत आले. वनांवरील कराचा अभ्यास करण्याची तरतूदही याच कायद्यात होती.

१३/
समन्वयाचा प्रश्न सुटला असे येथे वाटू शकते. परंतु या सामाईक थैलीतून कोणत्या कामासाठी पैसा मिळत होता, हे पाहणे आवश्यक आहे. ‘संरक्षण’ या शब्दाचा अर्थ ठिणगी दिसताच विझवणे असा ठरून गेला होता. कॅलिफोर्नियातील कारुक, युरोक आदी मूलनिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या योग्य ऋतूत हलकी आग लावून पालापाचोळा कमी ठेवत. त्यातून टोपल्यांसाठी कोवळे फोक मिळत, ओकची फळे वेचणे सोपे होई आणि मोठ्या वणव्याला खाद्य उरत नसे. दक्षिणेकडील शेतकरीही हेच करत. वनसेवेने या पद्धतीची ‘पायूट वनशास्त्र’ अशी एका मूलनिवासी समाजाच्या नावाने हेटाळणी केली आणि तिला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवले.

१४/
१९३५ मध्ये हे धोरण टोकाला गेले. वनसेवेचे प्रमुख फर्डिनंड सिल्कॉक्स यांनी आदेश काढला : आगीची वर्दी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे, न आल्यास त्यापुढच्या दिवशी सकाळी १० पर्यंत. सिल्कॉक्सही १९१० मध्ये मिसुलाच्याच कार्यालयात, ग्रीली यांच्या हाताखाली होते. बिग बर्नची राख पाहिलेल्या दोन अधिकाऱ्यांपैकी एकाने देशाला १९२४ चा कायदा दिला, दुसऱ्याने १९३५ चा आदेश. दोघांचा हेतू निर्मळ होता. मात्र आग हा केवळ शत्रू आहे, हा निष्कर्ष दोघांनीही त्याच एका उन्हाळ्यातून काढला होता.

१५/
शेजारधर्माचा दुसरा मोठा धडा पूर्व किनाऱ्यावर मिळाला. ऑक्टोबर १९४७ मध्ये मेन राज्यात दीर्घ अवर्षणानंतर वणवे भडकले. २ लाखांहून अधिक एकर जळाले, १६ माणसे मेली, बार हार्बर येथील श्रीमंतांचे बंगले आणि अनेक साधी गावे भस्मसात झाली. तेथे वस्तीच्या गावांनी आपापली आग आपणच विझवायची, अशी रीत होती. आग गावाच्या शिवेवर पोचली की जबाबदारीही बदलायची. लहान गावांजवळ ना माणसे होती, ना साधने. शेजारच्या राज्यांकडून मदत मागवण्याची कायमस्वरूपी व्यवस्थाही नव्हती.

१६/
यातून वीक्स कायद्यातील करारांची कल्पना प्रत्यक्षात आली. १९४९ मध्ये काँग्रेसच्या संमतीने न्यू इंग्लंडमधील राज्ये आणि न्यूयॉर्क यांचा ‘ईशान्य आंतरराज्यीय वन-अग्निसंरक्षण करार’ झाला. असा हा देशातील पहिलाच करार. एका राज्याचे कर्मचारी दुसऱ्या राज्यात गेले तर त्यांचे अधिकार काय, जखमी झाले तर भरपाई कोणाची, यंत्रे मोडली तर खर्च कोणाचा, हे सर्व आग लागण्यापूर्वीच लिहून ठेवले गेले. शेजारच्या कॅनडाच्या प्रांतांनाही दार खुले ठेवण्यात आले आणि पुढे क्वेबेक व न्यू ब्रन्सविक त्यात सामील झाले. जंगलापुरती आंतरराष्ट्रीय सीमाही पुसट झाली.

१७/
करार असूनही गोंधळ होऊ शकतो, हे १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने दाखवले. तेथील निम्म्याहून अधिक वनभूमी संघराज्याची, बाकी बहुतांश खासगी, आणि मध्ये शहरे व परगणे. त्या शरद ऋतूत १३ दिवसांत ५ लाखांहून अधिक एकर जळाले, १६ माणसे दगावली, ७०० हून अधिक घरे गेली. मदतीला आलेल्या यंत्रणांच्या रेडिओ लहरी वेगळ्या, एकाच पदाची नावे वेगळी, हुकूम देणारे अनेक. यातून ‘फायरस्कोप’ हा प्रकल्प आणि एकच आज्ञारचना ठरवणारी ‘इन्सिडेंट कमांड सिस्टीम’ जन्मली. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये जाहीर केलेली ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीम’ हे तिचेच भारतीय रूप होय.

१८/
एव्हाना वनशास्त्रज्ञांच्या ध्यानात एक विपरीत गोष्ट आली होती. आग विझवण्यातले यशच वन धोकादायक बनवत होते. पूर्वी दर काही वर्षांनी येणाऱ्या हलक्या आगीत जळून जाणारा पाचोळा आता दशकानुदशके साचत होता. दाट रोपे वाढून ज्वाळांना शेंड्यापर्यंत चढायला जणू शिडीच मिळत होती. १९७८ मध्ये वनसेवेने ‘सकाळी १०’चे धोरण सोडले. त्याच वर्षी क्लार्क-मॅकनॅरी कायद्याची जागा नव्या सहकार्य कायद्याने घेतली. आता प्रश्न उलटा झाला : मिळून आग विझवायला शिकलेले शेजारी मिळून आग लावायला तयार होतील का?

१९/
याचे धीट उत्तर फ्लोरिडाने दिले. तेथे दूरच्या शहरांत राहणाऱ्या मालकांचे हजारो रिकामे भूखंड झुडपांनी माजले होते. १९७७ च्या कायद्याने राज्याच्या वनविभागाला, मालकाला सूचना देऊन, अशा जमिनीवर नियंत्रित जाळणी करण्याची मुभा दिली. १९९० मध्ये राज्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. नियंत्रित जाळणी हा भूमालकाचा हक्क आहे आणि ती सार्वजनिक हिताची आहे, असे विधिमंडळाने घोषित केले. प्रशिक्षित व्यक्तीने परवान्यानुसार जाळणी केली, तर निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर नुकसानीचा बोजा पडणार नाही, असे अभय मिळाले. शेजारी दावा लावील या भीतीनेच कित्येक मालक हात आखडत असत.

२०/
संघराज्याने हीच दिशा एकविसाव्या शतकात धरली. २००३ च्या ‘हेल्दी फॉरेस्ट्स रिस्टोरेशन कायद्या’ने गावांना आपली अग्निसंरक्षण योजना स्वतः आखण्यास सांगितले. तिच्यावर स्थानिक शासन, स्थानिक अग्निशमन दल आणि राज्याचा वनविभाग या तिघांची मान्यता हवी. २००४ च्या कायद्याने मूलनिवासी जमातींना आपल्या भूमीला लागून असलेल्या संघराज्याच्या वनात संरक्षणाची कामे सुचवण्याचा आणि करण्याचा मार्ग दिला. २०१४ मध्ये देशभर कायम झालेल्या ‘गुड नेबर’ अधिकाराने राज्यांना राष्ट्रीय वनांत काम करता येऊ लागले. २०१८ मध्ये परगणे आणि जमातीही त्यात आल्या.

२१/
कायद्यांची भाषा बदलली, पण तिजोरीची सवय सहजी बदलली नाही. १९०८ ची ती सवलत आठवावी : विझवण्याला मोकळा हात, प्रतिबंधाला मोजकी रक्कम. १९९५ मध्ये वनसेवेच्या अंदाजपत्रकाचा सुमारे १६ टक्के भाग आगीवर खर्च होत असे. २०१५ मध्ये तो प्रथमच निम्म्याच्या वर गेला. ज्वाळा दिसू लागल्या की पैसा निघतो. पाचोळा काढण्याच्या कामाला मात्र कोणी छायाचित्रकार येत नाही. आणि अशा वर्षी आग विझवण्यासाठी पैसा कमी पडला की तो प्रतिबंधाच्याच कामांतून उचलला जाई. ही पद्धत मोडण्यासाठी काँग्रेसला २०१८ मध्ये वेगळी तरतूद करावी लागली.

२२/
२०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने एक कायदा केला. प्रशिक्षित जाळणीप्रमुखाप्रमाणेच परंपरेने आग लावणाऱ्या मूलनिवासी जाणकारालाही, काम नियमानुसार झाले असल्यास, आग विझवण्याच्या सरकारी खर्चाच्या वसुलीपासून त्याने संरक्षण दिले. ज्या ज्ञानाची शतकापूर्वी हेटाळणी झाली होती, त्याला त्याच राज्याने कायद्यात नाव दिले. मधल्या काळात कारुक आणि युरोक यांच्या कित्येक पिढ्या आपल्याच डोंगरात आग लावल्याबद्दल गुन्हेगार ठरल्या होत्या. कायद्याला ती वर्षे परत देता येत नाहीत.

२३/
या शतकाचा हिशेब असा मांडता येतो. वेगवेगळ्या मालकांना आगीविरुद्ध एकत्र आणणे शक्य आहे आणि त्यासाठी मालकी हिरावून घ्यावी लागत नाही. सामाईक खर्च, आधीच लिहिलेला करार आणि कर्तव्य टाळणाऱ्यावर वसुली, एवढे पुरते. परंतु एकत्र येणे ही अर्धी गोष्ट आहे. कशासाठी एकत्र यायचे, हे चुकले तर समन्वय ती चूकच देशभर पसरवतो. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी पटावरची सारी घरे जोडली, आणि पुढची कित्येक दशके त्या सर्व घरांत एकाच वेळी पाचोळा साचत राहिला.

२४/
पुलास्की त्या आगीतून वाचला, पण त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि फुप्फुसे कायमची अधू झाली. त्याच्या नावाचे एक हत्यार आजही प्रत्येक अमेरिकी वनाग्नी दलाच्या हाती असते. त्याच्या एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते आहे, दुसऱ्या बाजूला कुदळीचे. कुऱ्हाडीने वाढ छाटायची आणि कुदळीने पाचोळा ओढून उघड्या मातीची जाळरेषा काढायची. आग भडकल्यावर हे हत्यार वापरतातच; पण नियंत्रित जाळणीपूर्वी तीच जाळरेषा शांतपणे, शेजाऱ्याला सांगून, त्याच्या बांधापर्यंत काढता येते. ती बांधाशी थांबू नये, यासाठीच हे सारे कायदे करावे लागले.